बाबांनंतरची खुर्ची

बाबा गेल्यावर आमच्या वारज्याच्या फ्लॅटमधलं त्यांचं सामान महिन्याभरात मार्गी लागलं. कपडे वाटून टाकले, चष्मे कुठल्याशा शिबिरात दिले, काठी समोरच्या काकांनी मागून नेली. खुर्ची तेवढी राहिली. ती हॉलमध्ये खिडकीपाशी होती आणि तिथंच राहिली. तिचं काय करायचं, हा विषय कोणी काढलाच नाही.

सागवानी, लांब हातांची आरामखुर्ची. बैठकीला आणि पाठीला वेताची जाळी. हातांच्या खाली दोन पट्ट्या दुमडलेल्या. त्या फिरवून पुढे ओढल्या की त्यांच्यावर पाय टाकून माणसाला पसरता येतं. माझे आजोबा लष्कर भागात एका गोऱ्या साहेबाकडे पट्टेवाले होते. साहेब या खुर्चीत पाय टाकून पडायचा आणि आजोबा दाराबाहेर स्टुलावर बसायचे. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा खुर्ची आजोबांकडे आली. साहेबानं जाताना आठवण म्हणून दिली, असं आजोबा सांगत. लिलावात कोणी घेईना म्हणून उरली होती, असं आजी सांगे. हातगाडीवर घालून ती लष्करातून पेठेत आणली तेव्हा आजोबा पालखीपुढे चालावं तसे गाडीपुढे चालत होते, यावर मात्र दोघांचं एकमत होतं. आजोबा माझ्या धाकट्या काकांकडे राहत. ते गेले आणि थोरला मुलगा म्हणून खुर्ची बाबांकडे, आमच्या पेठेतल्या दोन खोल्यांत आली. मी तेव्हा फार लहान होते. मला ती आमच्या घरात नाही असं काही आठवतच नाही; पुढे आम्ही वारज्याला आलो तेव्हा तीही आली.

बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. दिवसभर कोणाकोणासमोर उभं राहून घरी आले की हातपाय धुवून खुर्चीत बसत, आणि तिथून घर चालवत. खुर्चीतून ते फारसं ओरडत नसत. ओरडायची त्यांना गरज पडायची नाही. "हा चहा आहे की नळाचं पाणी गरम केलंय?" एवढं पुरे व्हायचं. पाहुण्यानं बेल दोनदा वाजवली तर "ऐकू येतं आम्हाला, बहिरे तुमच्याकडे असतील," असं बसल्या जागेवरून सांगायचे. लोक त्यावर हसायचे. आम्हीही हसायचो. अस्सल पुणेरी माणूस म्हणून त्यांचं नाव होतं.

ते घरात नसतानाही त्या खुर्चीत कोणी बसायचं नाही. असा नियम कोणी सांगितला नव्हता, पण होता. शेजारच्या बायका आल्या की सतरंजी अंथरली जायची. आई तर बाहेरच्या खोलीत बसायचीच नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ टेकून उंबऱ्यापाशी पाटावर बसायची, अर्धी आत, अर्धी बाहेर. तिथूनच ती भाजी निवडायची, तिथूनच आमचे पाढे ऐकायची. आई म्हटलं की मला अजूनही चौकट दिसते.

बाबांनी स्वतःहून ती खुर्ची दुसऱ्याला दिलेली मी एकदाच पाहिली. मला बघायला आले होते तेव्हा. मुलाच्या वडिलांना खुर्चीत बसवलं आणि बाबा स्वतः लोखंडी घडीच्या खुर्चीवर, गुडघे जुळवून बसले. मी पोह्यांच्या बशा घेऊन आले तर मला क्षणभर कळेना, या खोलीत माझे वडील कोणते. तो गृहस्थ पाय पसरून, बाबांच्याच थाटात मला विचारत होता, "स्वयंपाक येतो, की नुसतंच शिक्षण?" बाबा हसले. ते हसणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. पुढे ते जमलं नाही, नंतरही कुठं जमलं नाही, आणि मी आईबाबांजवळच राहिले. त्या दिवशी मंडळी जिना उतरली तशी बाबांनी ओलं फडकं मागितलं आणि खुर्ची दोन्ही हातांसकट पुसून काढली. मगच बसले.

बाबांच्या तेराव्याला नातेवाइकांनी माझ्या भावाला, दादाला, टोपी घातली आणि खुर्चीत बसायला सांगितलं. "बस रे, आता तूच," असं कोणीतरी म्हणालं. दादा कडेवर टेकला. लगेच फोन वाजतोय असं म्हणून तो उठला आणि बाल्कनीत गेला. फोन वाजलाच नव्हता. मी त्याच्या शेजारीच उभी होते. पण माणसाला बापाच्या जागी बसायला जड जात असेल, असं मी धरून चालले. तो हडपसरला राहतो. त्यानंतर तो अनेकदा आला, दर वेळी सोफ्यावर बसला, तेही खुर्चीकडे पाठ होईल असा.

काही वर्षं अशी गेली. मी विमा कचेरीत नोकरी करत होते, अजूनही करते. आई घर बघायची. मग ती विसरायला लागली. आधी गॅस, मग दुधाची पिशवी, मग आठवड्याचे वार. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि आता हे वाढत जाणार हेही सांगितलं. मी दिवसभरासाठी एक बाई ठेवली. यवतमाळकडची होती, नवऱ्याच्या कामापायी पुण्याला आलेली, चाळिशीची, हाताला चपळ. आई तिला कधी मुलगी समजायची, कधी नणंद.

एक दिवस ती मला दारातच म्हणाली, "ताई, आजी कोणासंग बोलून राहिल्या वो?"

"कुठे?"

"त्या खुर्चीसंग. दुपारभर. मले तं भेवच लागते."

मी दुसऱ्या दिवशी रजा काढून घरी थांबले आणि पाहिलं. आई त्या दिवसांत गाऊन घालायची. साडी तिला झेपत नव्हती. ती खोलीतून हॉलमध्ये आली, खुर्चीजवळ पोचली, आणि तिचा उजवा हात खांद्याकडे गेला. तिनं पदर ओढून घेतला. पदर नव्हताच. बोटांनी हवा चिमटीत धरली आणि ती नीट खांद्यावर ठेवली. मग मान खाली घालून म्हणाली, "दूध आणायला जाऊन येते." थोडं थांबली. उत्तर आल्यासारखी मान हलवली आणि परत खोलीत जाऊन पलंगावर बसली. परवानगी मिळाली नव्हती, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

मी जवळ जाऊन बसले. "आई, बाबा नाहीत आता."

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "हळू. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

मी वळून पाहिलं. आपण वळून पाहतोच. खिडकीतून ऊन येत होतं आणि वेताच्या जाळीची सावली फरशीवर पडली होती. खुर्चीत कोणी नव्हतं. पण त्या दिवसापासून मी टीव्हीचा आवाज कमी ठेवायला लागले, हेही तितकंच खरं.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "खुर्ची हलव. दिसली नाही की विसरेल." त्याच रविवारी तो टेम्पो घेऊन आला. आईला मी खाली बागेत फिरवत होते तेवढ्या वेळात खुर्ची हडपसरला गेली. आई वर आली. हॉलमधून चालत खिडकीपर्यंत गेली, आणि जिथं खुर्ची होती त्या जागेला वळसा घालून पलीकडे गेली. फरशीवर चार पायांचे फिकट डाग होते, बाकी काही नव्हतं. ती मोकळी जागा तिनं एकदाही ओलांडली नाही. यवतमाळच्या बाई केर काढताना तिथून गेल्या तर आई दबक्या आवाजात म्हणाली, "अगं, पायात काय येतेस त्यांच्या!" चार-आठ दिवसांत बाईही वळसा घालायला लागल्या. मी एकदा हातात भाताचं पातेलं घेऊन टेबलाकडे निघाले होते, मध्येच लक्षात आलं की आपणही वाकडी वाट घेतलीय.

तोवर चाललं असतं. पण आईनं जेवण सोडलं. ताट समोर ठेवलं की ती हात मागे घ्यायची.

"जेव ना, आई."

"त्यांचं झालं नाही अजून."

"झालं त्यांचं."

"कधी झालं? ताट कुठंय त्यांचं?"

तिच्या विसरण्यात हे एवढं पक्कं राहिलं होतं. जन्मभर ती बाबांच्या आधी जेवली नव्हती. आता बाबा जेवायला बसलेले दिसत नव्हते, तर ती कशी जेवणार? डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका, त्या ज्या जगात आहेत तिथं तुम्ही जा. म्हणायला सोपं असतं. आठवडाभरात आईच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेव्हा मी दादाला फोन करून खुर्ची परत मागवली.

दादा स्वतः आला नाही, टेम्पोवाल्याबरोबर पाठवून दिली. वहिनी फोनवर म्हणाली, "बरं झालं परत नेलीत. यांनी ती पॅकिंगसकट पॅसेजमध्येच ठेवली होती. कागदही काढू देईनात."

मग आमचं सुरू झालं. रोज दुपारी आणि रात्री खुर्चीपुढे छोटं टेबल, त्यावर बाबांचं ताट. वरण, भात, भाजी, पोळी, डाव्या बाजूला लिंबाची फोड. आई आपल्या जागी बसून वाट पाहायची. किती वेळ लागेल ते तिच्यावर होतं. कधी लगेच म्हणायची, "झालं त्यांचं," आणि जेवायला लागायची. कधी खूप वेळ टक लावून पाहत राहायची आणि मग मला सांगायची, "भाजी आवडली नाही वाटतं." ताटातली भाजी तशीच असायची, सगळंच तसंच असायचं. पण मला वाईट वाटायचं. मी दुसऱ्या दिवशी बाबांच्या आवडीचं भरलं वांगं करायची. मेलेल्या माणसाच्या ताटासाठी सकाळी उठून शेंगदाणे भाजणारी, चांगली शिकलेली, नोकरी करणारी बाई. हे मी कचेरीत कोणाला सांगितलं नाही.

अशातच एक दिवस मी दुपारी लवकर घरी आले. यवतमाळच्या बाई जिन्यात उभ्या होत्या, घराचं दार उघडं टाकून.

"काय झालं? बाहेर का?"

"आजी खुर्चीत जाऊन बसल्या."

"पडली नाही ना?"

"नाई, पडल्या नाई." बाई माझ्या मागे सरकल्या. "मले हाक मारून राहिल्या. पण ताई, तो आवाज आजीचा नोहे."

मी आत गेले. आई खुर्चीत होती. पूर्ण मागे टेकून. खुर्चीच्या हातांखालच्या पट्ट्या पुढे ओढलेल्या, त्यांच्यावर पाय टाकलेले, गाऊन गुडघ्यापर्यंत सरकलेला. जन्मात मी तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं. तिनं माझ्याकडे मान न वळवता, नुसते डोळे फिरवून पाहिलं.

"आलात? आम्हाला वाटलं, कचेरीनं ठेवूनच घेतलं."

आवाज तिचाच होता, घसा तिचाच. पण बोलणं बाबांचं. शब्दांमधली ती थांबायची जागा, शेवटी नाकातून सोडलेला श्वास. मी पन्नाशीची बाई, पण पहिलं उत्तर तोंडातून आलं ते असं, "बस लवकर मिळाली, बाबा."

"हं." मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, "अगं ए! चहाचं काही बघणार आहेस, की चहाच्या मळ्यावर माणूस पाठवू?"

आतून कोणी येईना. येणार कोण? जिला हाक होती तीच इथं बसली होती. आईच्या चेहऱ्यावर हळूहळू काळजी दिसायला लागली. "कुठं गेली ही?" ती म्हणाली. "न सांगता कुठं जात नाही." तिनं पुन्हा हाक मारली. मग तिसऱ्यांदाही मारली.

डॉक्टर म्हणाले होते, त्यांच्या जगात जा. मी स्वयंपाकघरात गेले, चहा केला, आणि कप घेऊन चौकटीपाशी येऊन उभी राहिले. डोकं खाली. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण अंगाला ठाऊक होतं. मी कप तिच्या हाताशी ठेवला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग अगदी शांतपणे म्हणाली, "परत आलीस."

मी चौकटीपाशी मागे सरले.

"स्वारगेटपर्यंत जाऊन आलीस. पोरीला घेऊन. फिरून झालं?"

मला काही कळेना. ती पुढे बोलत राहिली, त्याच शांत आवाजात. "आता आलीच आहेस तर राहा. पण या खोलीत बसायचं नाही. बायका बाहेर बसायला लागल्या की त्यांना रस्ता दिसतो. तिथं बस. उंबऱ्याशी. कळलं?"

तिचं बोट माझ्या पायांपाशी दाखवत होतं. मी चौकटीला टेकून खाली बसले. तिनं सांगितलं म्हणून बसले. आईनं मान हलवली, चहाचा घोट घेतला, आणि म्हणाली, "साखर कमी आहे." थोड्याच वेळात तिचा डोळा लागला. बाईंच्या मदतीनं मी तिला उचलून पलंगावर नेलं. ती उठली तेव्हा आईच होती. मला विचारलं, "यांना चहा दिलास का?"

स्वारगेटच्या एसटी स्टँडचं मला एक आठवतं. म्हणजे ते स्वारगेट होतं हे मला नंतर जोडता आलं. लाल गाडी, डिझेलचा वास, माझ्या हातात लिमलेटच्या गोळ्यांचा कागद. मी आईच्या मांडीवर, गाडीच्या आत. आईचं माहेर वाईकडचं. मी आजवर समजत होते की आम्ही आजोळी गेलो होतो आणि पुढचं मला आठवत नाही. आजोळची काहीच आठवण कशी नाही, असं कधी मनात आलं नव्हतं.

त्यानंतर आई वरचेवर खुर्चीत बसायला लागली. काही दिवस नुसतीच बसायची. काही दिवस ते बोलणं यायचं. त्यातलं बरंचसं आम्ही भावंडांनी ऐकलेलंच होतं, विनोद म्हणून. आता एकामागोमाग, आईच्या तोंडून, चौकटीत बसून ऐकताना त्यात हसण्यासारखं काही सापडेना. काही मात्र आम्ही कधीच ऐकलेलं नव्हतं. ते खोलीचं दार लावल्यावरचं असणार. ते मी इथं लिहीत नाही. पण रोज संध्याकाळी घराच्या जिन्यावर माझा पाय जड व्हायचा, आज खुर्चीत कोण बसलं असेल या विचारानं. घरी आई होती, आणि आईमध्ये बाबा बसलेले होते, आणि ते तिला शोधत होते. एकदा तर त्या दोघांचं भांडण झालं. तीच विचारायची, तीच उत्तर द्यायची, विचारताना मागे टेकून, उत्तर देताना पुढे सरकून, हात खांद्याशी. यवतमाळच्या बाईंनी त्या दिवशी देवापुढे दिवा लावला आणि मला म्हणाल्या, "हे काई भूत नोहे ताई. आजीच्या पोटात साठलेलं हाय, ते निघून राहिलं."

शेवटी शेवटी बोलणं बंद झालं. आई अंथरुणाला खिळली आणि गेल्या थंडीत गेली. जाताना घरात मी आणि बाई होतो. दादा हडपसरहून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पुलावर गाड्या तुंबल्या होत्या, असं तो सांगत राहिला, येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिला.

आईचे दिवस झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, एका दुपारी तो एकटाच आला. नेहमीसारखा सोफ्यावर, पाठ करून बसला. मी त्याला तोवर काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सगळं सांगितलं, आईचं खुर्चीतलं बसणं, तो आवाज, आणि स्वारगेट.

दादा उठला नाही, वळलाही नाही. "तुला आठवत नाही?" त्यानं विचारलं.

"गाडी आठवते. परत आलेलं आठवत नाही."

"मी घरी होतो." त्यानं दोन्ही तळवे मांडीवर पालथे ठेवले, परीक्षेला बसल्यासारखे. "खुर्ची नुकतीच आली होती. आधी पेठेतल्या घरात खिडकीपाशी आईचं शिवणाचं मशीन असायचं. ती तिथं बसून लोकांचे ब्लाऊज शिवायची, रस्त्यावरच्या बायका खिडकीतून तिच्याशी बोलायच्या. खुर्ची आली आणि बाबांनी मशीन उचलून माळ्यावर टाकलं. त्यावरून दोघांचं झालं. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तर तुम्ही दोघी नव्हतात."

"मग?"

"बाबा आले. खुर्चीत बसले. मला हातावर बसवलं, या इथं," त्यानं न बघता मागे बोट केलं, "आणि आम्ही वाट बघत बसलो. अंधार पडायच्या सुमाराला आई आली. कडेवर तू, हातात पिशवी. दारातच उभी. बाबा तिच्याशी बोललेच नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, काय करायचं रे? घ्यायची का हिला आत?"

त्यानं मांडीवरचे तळवे उचलले आणि एकमेकांत धरले.

"ते गंमत करताना कसे बोलायचे, तसंच म्हणाले. मला वाटलं खेळ आहे. मी हसलो. म्हटलं, नको. आणि आई खरंच दारात उभी राहिली. मी पुन्हा हसलो. ती माझ्याकडे बघत होती. मग बाबा म्हणाले, साहेब नको म्हणताहेत, पण आम्ही म्हणतो येऊ द्या."

खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा तो टुंग-टुंग आवाज येत होता.

"तू लहान होतास, दादा."

"आठ वर्षांचा होतो. ती माझ्यासाठी परत आली होती गं. मला टाकून जाववेना म्हणून गाडीतून उतरली असेल. नाहीतर तुला तर घेतलंच होतं की." त्यानं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागला. पुसतच राहिला. "तिनं कधी काढलं नाही. एकदाही नाही. मला वाटायचं, विसरली असेल."

मी त्याला सांगू शकले असते की विसरली नव्हती. इतकं विसरूनही तेवढं विसरली नव्हती. पण बाबांच्या आवाजात तिनं जे सांगितलं त्यात मुलाचा उल्लेख नव्हता. ती ओळ तिनं वगळली होती. त्या आजारात माणूस काही मुद्दाम वगळू शकतं का, मला माहीत नाही. डॉक्टरांना मी विचारलं नाही. दादाला मात्र मी एवढं सांगितलं, "तुझं नाव तिनं घेतलं नाही." तो रडला. मोठ्या माणसांना रडायची सवय नसते, फार वाईट आवाज येतो. मी आतून पाणी आणलं आणि त्याच्या शेजारी बसून राहिले.

जाताना तो पहिल्यांदाच खुर्चीसमोर उभा राहिला. हाताच्या रुंद फळीवरून त्यानं बोट फिरवलं. "जुन्या फर्निचरवाल्याला देऊ या का? हल्ली हॉटेलवाले घेतात. लोक बसून फोटो काढतात."

"बघू," मी म्हणाले.

खुर्ची तशीच राहिली. घरात मी एकटी. तीत बसायचं धाडस मी एकदाच केलं. एका रविवारी सकाळी, हातात चहा घेऊन, भांडी घासणाऱ्या मुलीला मी खुर्चीतूनच हाक मारली आणि तिला यायला उशीर झाला म्हणून म्हणाले, "डोळ्यांबरोबर कानही घरीच ठेवून आलात वाटतं?" ती हसली, तिला विनोद वाटला. मी कप घेऊन उठले आणि ओट्यापाशी उभी राहून उरलेला चहा संपवला.

संक्रांतीला यवतमाळच्या बाई तिळगूळ घेऊन आल्या. आता त्या कर्वेनगरला एका आजोबांकडे जातात. माझ्याशी बोलता बोलता त्या सहज गेल्या आणि खुर्चीवरची धूळ पदरानं झटकायला लागल्या.

"काय करता ताई, याचं?"

"द्यायची आहे कोणाला तरी."

"मग मलेच द्या ना."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. "तुम्हाला भीती वाटायची हिची. जिन्यात जाऊन उभ्या होतात."

"ते तवा. आता कायची भीती?" बाई म्हणाल्या. "आजीची खुर्ची हाय ते. मी रोज बसवत होतो आजीले. उनात बसल्या का गप राहत. कवा कवा गाणं म्हणत, तुमी कचेरीत गेल्यावर."

"गाणं? कुठलं?"

"शब्द नाई समजले. नुसतं गुणगुणायच्या. पाय हलवायच्या असे." त्यांनी स्वतःचा पाय हलवून दाखवला, वरखाली, एका लयीत.

मला आईचं गाणं माहीत नव्हतं. आईला मी कधी गुणगुणताना ऐकलं नाही. त्या एवढे महिने घरात होत्या आणि हे त्यांना सांगावंसं वाटलं नाही, कारण त्यांना त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. पहिली ती दुपार सोडली तर मी घरी असले की आईच्या तोंडून बाबा यायचे. मी नसताना खुर्चीत ती एकटीच असायची.

पुढच्या रविवारी बाईंचा नवरा आणि त्याचा मित्र येऊन खुर्ची घेऊन गेले. जिन्याच्या वळणावर ती अडकली. वाकडी करून, पाठ वर घेऊन, दोघांनी शिव्या देत ती काढली. भिंतीचा थोडा रंग गेला. मी दादाला फोनवर कळवलं. "बरं झालं," तो म्हणाला, आणि मग, "त्यांच्याकडे कोण बसतं तीत?"

मी बाईंना विचारलं होतं. नवऱ्याला ती आखूड पडते, त्या म्हणाल्या. संध्याकाळी कामावरून आल्या की त्याच बसतात.